विद्यापीठाचा संगणक आणि माहितीची ने-आण

(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत, बडोदे येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत पूर्वजांचे स्मरण व्हावे, संतवाङ्मयावर विवेचन व्हावे, फार तर आरोग्यावर चार गोष्टी सांगितल्या जाव्यात, अशी आपली रीत आहे. त्या रीतीत आजचा माझा विषय थोडा उपरा वाटेल. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकाकडे अवजड फायली कशा पाठवाव्या आणि तेथून त्या सुखरूप कशा आणाव्या, एवढाच तो विषय आहे. धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावर याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील तर ते रास्तच होय. म्हणून प्रथम प्रयोजन सांगतो.

आपली संस्था स्थापन झाली ती मुलांच्या शिक्षणासाठी. पूर्वी विद्यार्थ्याच्या गरजा तीन असत. फीचे पैसे, वह्या-पुस्तके आणि राहण्या-जेवण्याची सोय. त्या तिन्ही आपल्या वडीलधाऱ्यांनी यथाशक्ति भागविल्या. सांप्रत आपल्या वसतिगृहातील जी मुले-मुली शास्त्र व अभियांत्रिकी शाखांच्या वरच्या वर्गांत आहेत, त्यांना चौथी एक गरज उत्पन्न झाली आहे, आणि ती घरच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. पालक मला सांगतात, "अहो, मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत लॅपटॉपपुढे बसलेली असते. विचारले तर म्हणते, फाईल चढते आहे. चार दिवस झाले, अजून चढतेच आहे!" माझे आयुष्य विद्यापीठांच्या संगणक केंद्रांतून गेले. ही फाईल चार दिवस का चढते, ती लवकर कशी चढेल, आणि चढली तरी शाबूत आहे हे कसे ओळखावे, एवढे सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

विद्यापीठाचा मोठा संगणक, ज्याला क्लस्टर म्हणतात, तो म्हणजे एकच प्रचंड यंत्र नव्हे. शेकडो संगणक एका दालनात मांडून, वेगवान तारांनी एकमेकांना जोडून, त्यांच्याकडून एकच काम वाटून करून घेण्याची ती व्यवस्था आहे. आपल्या देशात या विद्येचा पाया पुण्याच्या सी-डॅक संस्थेने घातला. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा संगणक तेथे सिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन सुरू झाले आणि निरनिराळ्या शिक्षणसंस्थांत परम मालिकेतील यंत्रे बसू लागली. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, हैदराबादच्या आयआयटीत परम सेवा आहे, आणि आपल्या गुजरातेत गांधीनगरच्या आयआयटीत २०२२ मध्ये परम अनंत कार्यान्वित झाला. तेव्हा ही गोष्ट परदेशातील राहिलेली नाही. आपल्या घरापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर ती आहे.

या क्लस्टरची रचना समजण्यासाठी जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्याला देवडी असते. आल्यागेल्याने तेथे नाव सांगावे, वर्दी द्यावी आणि परवानगी मिळाली म्हणजे आत जावे. क्लस्टरच्या देवडीला लॉगिन नोड म्हणतात. आत मुदपाकखाना असतो, जेथे खरे काम चालते. तेच गणना करणारे संगणक. आणि मागल्या अंगाला कोठार असते. ही झाली माहिती साठविण्याची जागा. आता धान्याच्या गाड्या आल्या तर त्या कोणी देवडीतून आत घेत नाही. त्यांच्यासाठी मागची दिंडी असते, ती थेट कोठाराकडे उघडते. चांगल्या क्लस्टरलाही अशी दिंडी असते. अवजड फायलींच्या ने-आणीसाठी एक-दोन संगणक वेगळे राखलेले असतात. परंतु नवा विद्यार्थी हे विचारीत नाही. तो सगळी पोती देवडीतूनच आत ढकलू लागतो. देवडी अडते, दुसऱ्यांची खोटी होते, आणि व्यवस्थापकाचे कडक शब्दांतले पत्र येते. म्हणून पहिला उपदेश असा की, खाते मिळाल्याबरोबर विचारावे, "आपल्याकडे फायलींसाठी वेगळी वाट आहे का?" एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ रात्री वाचतात.

आता या फायली एवढ्या अवजड का असतात ते पाहू. मनुष्याच्या पेशीतील आनुवंशिक मजकूर सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आहे. तो यंत्राने वाचताना एकदा वाचून भागत नाही. चूक राहू नये म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचतात. अशा एका मनुष्याच्या वाचनाची फाईल १०० जीबीच्या आसपास जाते. आपल्या मुलीच्या प्रबंधात दहा रुग्णांचे नमुने असले तर झाला एक टेराबाइट. हवामानाचा अभ्यास करणारे, नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून आलेले संकेत तपासणारे, धरणाच्या भिंतीवरील ताणाचे गणित करणारे, या सर्वांची गत तीच.

एक टेराबाइट पाठवावयास किती वेळ लागतो? हा हिशेब सोपा आहे व प्रत्येक पालकाने तो एकदा करून पाहावा. एक टेराबाइट म्हणजे ८ लाख कोटी बिट. घरच्या जोडणीवर "१०० एमबीपीएस" लिहिलेले असते, म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट. भागाकार केला की ८०,००० सेकंद येतात, म्हणजे सव्वाबावीस तास. पण येथे एक मेख आहे. पुष्कळ घरगुती जोडण्यांचा जाहिरातीतील वेग उतरवून घेण्याचा असतो, चढविण्याचा वेग त्याहून बराच कमी असू शकतो. तो २० एमबीपीएस असला तर तेच काम ४ लाख सेकंदांचे होते, म्हणजे चार दिवस आणि पंधरा तास. मघाशी सांगितलेल्या पालकांच्या "चार दिवसां"चे कोडे येथे सुटते. तीच फाईल विद्यापीठाच्या आवारातील १ जीबीपीएसच्या तारेवरून सव्वादोन तासांत जाते, आणि १० जीबीपीएसची वाट मिळाली तर सव्वातेरा मिनिटांत. हे वेग कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात थोडी घट धरावी. तथापि फरक एवढा मोठा आहे की, मुलीने बस पकडून आवारात जाणे, तार जोडून फाईल पाठविणे आणि संध्याकाळी घरी परत येणे हेच शहाणपणाचे ठरते.

फाईल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठविण्याचे नियम प्रथम कोणी लिहिले, हे सांगितले तर आपणांस अभिमान वाटेल. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला. त्या संस्थेच्या पहिल्या तुकडीतून १९६५ मध्ये बाहेर पडलेले अभय भूषण पुढे अमेरिकेत एमआयटीत गेले. संगणकांचे आर्पानेट नावाचे जाळे तेव्हा नुकतेच, १९६९ मध्ये, अस्तित्वात आले होते. त्या जाळ्यावरून फायलींची ने-आण कशी व्हावी याचा पहिला मसुदा भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. तो एफटीपी या नावाने जगभर चालला आणि अनेक दशके लोकांनी त्यावर काम केले.

परंतु त्या काळी जाळ्यावरची मंडळी थोडी, एकमेकांच्या ओळखीची. त्यामुळे परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे. जाळे वाढले, परके लोक आले, आणि वाटेत बसून परवली वाचणारेही आले. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच परवलीची चोरी झाली, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच नावाची पद्धत तयार केली. तिच्यात सगळा मजकूर कुलूपबंद होऊन जातो. आज क्लस्टरच्या देवडीवर बहुतेक ठिकाणी हेच कुलूप असते, आणि एससीपी व एसएफटीपी ही फायली पाठविण्याची साधने त्याच कुलपावर उभी आहेत.

या साधनांत एससीपी सर्वांत सोपे. पण त्याचा एक दोष आहे. चार दिवसांच्या कामात तिसऱ्या दिवशी वीज गेली, की पुन्हा श्रीगणेशा. त्यावर उपाय ऑस्ट्रेलियात निघाला. कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक हे साधन प्रसिद्ध केले. त्याची युक्ति आपल्या पेढीवरील कोणत्याही मुनीमजीला सहज पटेल. समजा, रावपुऱ्याच्या दुकानात एक चोपडा आहे व मांडवीच्या दुकानात त्याची जुनी नक्कल आहे. नक्कल अद्ययावत करावयाची आहे. सगळा चोपडा पुन्हा उतरून काढण्याची गरज काय? मांडवीवाल्याने आपल्या प्रत्येक पानाची बेरीज रावपुऱ्यास कळवावी. ज्या पानाची बेरीज जुळेल ते पान तसेच राहू द्यावे. जे जुळणार नाही तेवढेच पाठवावे. आरसिंक नेमके हेच करतो. त्यामुळे काम मध्येच तुटले तर उरलेल्या फायलींपासून पुढे चालू करता येते. मात्र एक सूचना लक्षात ठेवावी. अर्धवट आलेली फाईल राखून ठेव, असे त्याला आज्ञेत स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास तो अर्धवट तुकडा टाकून देतो, आणि मोठी एकच फाईल असली तर विद्यार्थी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

आणखी दोन अडचणी वेगाच्या आड येतात, आणि दोन्ही व्यवहारातील दृष्टांताने कळतात.

पहिली अडचण लहान फायलींची. दहा लाख पोस्टकार्डे एकेक करून पेटीत टाकणे आणि तीच एका पोत्यात भरून रेल्वेने रवाना करणे, यांत जो भेद तोच येथे आहे. प्रत्येक फाईल उघडणे, तिचे नाव सांगणे, पोच घेणे आणि बंद करणे यास सेकंदाचा विसावा भाग जरी लागला, तरी दहा लाख फायलींना ५०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास, नुसत्या उघडझापीत जातात. मजकूर किती हा प्रश्नच निराळा. म्हणून अशा फायली आधी एका गाठोड्यात बांधाव्या. त्या साधनाला टार म्हणतात. गाठोडे दाबून लहान करता येते, पण छायाचित्रे व चित्रफिती सहसा आधीच दाबलेल्या असतात. त्या पुन्हा दाबण्यात वेळ मात्र जातो, आकार फारसा कमी होत नाही.

दुसरी अडचण अंतराची. संगणक फाईल पाठवितात ती पुडकी करून, आणि काही पुडकी पाठविल्यावर पलीकडून पोच येण्याची वाट पाहतात. बडोद्याहून अमेरिकेत संकेत जाऊन परत येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. पोच येण्यापूर्वी फक्त ६४ केबीच पाठविण्याची जुनी मर्यादा असली, तर सेकंदाला २५६ केबीच्या वर काही जाऊ शकत नाही, मग तार कितीही रुंद असो. त्या हिशेबाने १०० जीबीला चार दिवसांहून अधिक लागतील. आजचे संगणक ही मर्यादा आपोआप वाढवितात, तरी एसएसएचवरील काही साधनांची स्वतःची मर्यादा लहान राहते. यावर उपाय म्हणजे एका गाडीऐवजी अनेक गाड्या एकाच वेळी रस्त्याला लावणे. ग्लोबस नावाची जी व्यवस्था शिकागो विद्यापीठातून चालते, ती हे काम करते. विद्यार्थ्याने कोठून कोठे काय पाठवावयाचे ते सांगावे आणि आपला लॅपटॉप बंद करून झोपावे. क्लस्टर ते क्लस्टर काम चालू राहते, तुटले तर ती पुन्हा प्रयत्न करते, आणि संपल्यावर पत्राने कळविते. आपल्या ज्या मुलांचे प्रवेश परदेशी विद्यापीठांत झाले आहेत, त्यांनी तेथे पोहोचल्याबरोबर याची चौकशी करावी.

आणि कधी कधी सर्वांत जलद वाट म्हणजे पेटी! २०१७ च्या एप्रिलमध्ये जगातील आठ दुर्बिणींनी मिळून एका कृष्णविवराचे निरीक्षण केले. त्यात जमलेली माहिती पेटाबाइटांत मोजण्याइतकी होती. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. ती कोणत्याही तारेने पाठविणे व्यवहार्य नव्हते. म्हणून हार्ड डिस्क पेट्यांत भरून विमानाने अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेकडे व जर्मनीतील बॉन येथे नेण्यात आल्या. दक्षिण ध्रुवावरील पेट्या तर तेथील हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत कित्येक महिने अडकून पडल्या होत्या. त्या आल्या, सगळ्यांचा मेळ बसला, आणि १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले चित्र जगाने पाहिले. बडोदेकरांना पेटीचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे आणले, आणि संस्थानात जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी राहिली तिच्यात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जात असत. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावे अशी वाट न पाहता ग्रंथ त्याच्याकडे गेले. आपल्या मुलीने डिस्क पिशवीत घालून गांधीनगरची गाडी पकडली, तर ती याच परंपरेतली समजावी. मात्र डिस्कमध्ये रुग्णांची किंवा इतर कोणाची खाजगी माहिती असेल तर ती कुलूपबंद केल्यावाचून घराबाहेर काढू नये. पिशवी हरवली तर डिस्कचे पैसे भरून येतील, दुसऱ्याची अब्रू भरून येणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. फाईल पोहोचली हे कळले, पण ती जशीच्या तशी पोहोचली हे कसे ओळखावे? येथे आपल्या लहानपणचा नवाचा ताळा आठवावा. ५१२७ या संख्येतील अंकांची बेरीज १५, आणि १ व ५ मिळून ६. हा तिचा ताळा. नक्कल करताना कोणी ५१२८ लिहिले तर ताळा ७ येईल व चूक पकडली जाईल. पण कोणी अंकांची अदलाबदल करून ५१७२ लिहिले तर? ताळा पुन्हा ६च येतो आणि पंचेचाळीस रुपयांची चूक निसटते. बेरजेवर आधारलेल्या ताळ्याचा हा जन्मजात दोष आहे. इंटरनेटवरील पुडक्यांवर टीसीपीचा जो ताळा असतो, तोही मुळात बेरजेचाच आहे. रोजच्या कामाला तो चालतो. अब्जावधी पुडक्यांच्या कामात त्याच्यावर सगळा भार टाकणे बरे नव्हे.

म्हणून शास्त्रज्ञांनी कडक ताळे शोधून काढले. त्यांतील एसएचए-२५६ हा आज सर्वत्र चालतो. फाईल लहान असो वा टेराबाइटची असो, तिचा ताळा ६४ चिन्हांचा येतो, आणि फाईलमधील एक अनुस्वार जरी बदलला तरी तो ताळा ओळखू येणार नाही इतका पालटतो. अंकांची अदलाबदल तेथे लपत नाही. रीत अशी की, पाठविण्यापूर्वी ताळा काढून एका कागदावजा फाईलमध्ये लिहून ठेवावा, पोहोचल्यावर पलीकडे पुन्हा काढावा, आणि दोन्ही जुळल्यावाचून मूळ प्रत पुसू नये. काही मिनिटांचे किंवा फार तर काही तासांचे काम आहे. ते न केल्यामुळे काय होते? सहा महिन्यांनी गणित चुकीचे उत्तर देते आणि दोष कोठे आहे हे कोणालाच सापडत नाही. मार्गदर्शक म्हणतात विद्यार्थ्याने आळस केला, विद्यार्थी म्हणतो यंत्र बिघडले.

आणि शेवटचा धोका. क्लस्टरच्या कोठाराचा एक मोठा भाग स्क्रॅच नावाचा असतो. नावाप्रमाणेच ती कच्चे काम करण्याची पाटी आहे. पाटीवर गणित सोडवावे, उत्तर वहीत उतरवावे आणि पाटी पुसावी. अनेक केंद्रांचा नियमच असतो की, ठराविक दिवस ज्या फायलींना कोणी हात लावला नाही त्या आपोआप पुसल्या जातील. माझ्या परिचयातील एक विद्यार्थिनी वडिलांच्या आजारपणामुळे गावी गेली. तिला परतण्यास अडीच महिने लागले. पाच महिन्यांच्या गणनेचे निष्पन्न स्क्रॅचवर होते, ते पुसले गेले होते. सुदैवाने मूळ नमुने आणि गणनेच्या आज्ञा तिच्याजवळ वेगळ्या होत्या. तिने सारे पुन्हा चालविले आणि प्रबंध पुरा केला, पण शिष्यवृत्तीची मुदत मध्येच संपली व शेवटचे काही महिने घरच्यांना ओढग्रस्तीत काढावे लागले. यात कोणाचा अन्याय म्हणावा? नियम लिहिलेला होता. तो तिला कोणी समजावून सांगितला नव्हता, एवढेच.

जेथे नियम पाळला जातो तेथेही यंत्राचा भरवसा धरू नये. जपानमधील क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये जे घडले ते या बाबतीत बोलके आहे. तेथील सुपरकॉम्प्युटरच्या कोठारातील जुन्या नोंदी साफ करणारी आज्ञावली, ती चालू असतानाच बदलण्यात आली. अर्धी जुनी व अर्धी नवी अशी ती चालली आणि जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या फायली पुसू लागली. ७७ टेराबाइट माहिती, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. चौदा संशोधक गटांना झळ लागली, व त्यांतील चार गटांची माहिती परत मिळविता आली नाही. ही एका नामांकित विद्यापीठातील, जाणत्या माणसांच्या हातची गोष्ट आहे. त्यावरून बोध एवढाच की, महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी. घरातले सगळे दागिने एकाच डब्यात ठेवू नयेत हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

येथवर विद्यार्थ्यांसाठी बोललो. आता संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली, वसतिगृहाच्या अभ्यासिकेत तारेची एक चांगली जोडणी घ्यावी, आणि ती घेताना उतरविण्याइतकाच चढविण्याचाही वेग मिळतो की नाही हे विचारून घ्यावे. दुसरी, काही मोठ्या हार्ड डिस्क संस्थेने विकत घ्याव्या व ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन विद्यार्थ्यांना द्याव्या. एकेका मुलाने स्वतः घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते, आणि काम झाल्यावर डिस्क पुढच्याच्या उपयोगी येते. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. दर सत्राच्या आरंभी एक दुपार, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी नव्यांना बसवून मी आज सांगितले तेवढे, प्रत्यक्ष हाताने करवून, शिकवावे. फाईल पाठविणे, मध्येच तोडणे, पुन्हा चालू करणे, ताळा जुळविणे आणि आपल्या केंद्राचा स्क्रॅचचा नियम वाचून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिणे.

आपल्या खजिनदारांचा प्रश्न मी ओळखून आहे. एखाद्या गरीब मुलाची फी भरावयाची राहिली असता डिस्क का घ्याव्या? माझे उत्तर असे की, तसा प्रसंग आला तर फी आधी भरावी. त्यात दुमत होण्याचे कारण नाही. पण फी भरून आपण मुलाला ज्या दारापर्यंत पोहोचवितो, त्या दारातून आत जाण्याची वाट त्याला ठाऊक नसेल तर दात्यांचा तोच पैसा वर्ष-सहा महिने अडकून पडतो. सुखवस्तू घरच्या मुलाकडे दुसरी डिस्क असते, चांगली जोडणी असते, विचारावयास एखादा काका असतो. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याच्यासाठीच तर ही संस्था आहे.

जाता जाता एक गोष्ट. संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांची व देणगीदारांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढण्याचे काम तरुण मंडळींनी हाती घेतले आहे. फार चांगले काम आहे. त्या फायली एकाच लॅपटॉपवर ठेवू नका. दोन डिस्कवर ठेवा, त्यांतील एक कार्यालयात व दुसरी एखाद्या विश्वस्ताच्या घरी. प्रत्येक फाईलचा ताळा लिहून ठेवा, आणि दरवर्षी दिवाळीत चोपडापूजन होते त्या दिवशी दोन्ही डिस्क जोडून ताळे तपासा. ज्यांनी चार-चार आण्यांच्या देणग्या देऊन ही संस्था उभी केली, त्यांची नावे त्या पानांवर आहेत. कागदाला कसर लागते तशी डिस्कलाही लागते. वर्षातून एकदा पाहिली तर ती वेळीच कळते.

विषय रुक्ष होता, तरी आपण तो शांतपणे ऐकून घेतला.  तिसऱ्या सूचनेच्या पहिल्या दुपारी शिकवावयास मी स्वतः येईन. तारीख तेवढी मंडळाने ठरवावी.